सिनॉप्सिस लिहिण्याआधी : 'हिरवं घर' म्हणजे नेमकं काय मोजायचं?



मागच्या आठवड्यात एका ज्युनियरने तिच्या सिनॉप्सिसचं शीर्षक पाठवलं. "नागपूर शहरातील गृह-अंतर्गत सजावटीत हिरव्या रंगाचा व पर्यावरणपूरक संकल्पनांचा वापर : एक अभ्यास." खाली लिहिलं होतं, "ताई, विषय चालेल ना? पंधरा दिवसांत द्यायचंय."

विषय चालेल. नागपुरात राहून घराचा आणि उन्हाचा अभ्यास करायचा नाही, तर कुठे करायचा? अडचण एवढीच आहे की या शीर्षकात विषय आहे, पण प्रश्न नाही. कमिटीतले सर पहिल्याच मिनिटाला विचारतील, "वापर होतो, हे ठीक. मग तुम्हाला शोधायचं काय आहे?" बहुतेक जण इथेच अडकतात. म्हणून आज हेच एक शीर्षक घेऊन त्यातून प्रश्न कसा काढायचा ते बघू. तुमचा विषय वेगळा असला तरी पद्धत कामाला येईल.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. याच विषयात मी घरीच तोंडावर आपटले आहे.

आमच्या घरी खाली भाडेकरू आहेत, वर आम्ही. पश्चिमेच्या कोपऱ्यातली खोली आजीची आणि तिच्यावर उघडा स्लॅब. दोन वर्षांपूर्वी रंगकाम निघालं तेव्हा आई म्हणाली, "त्या खोलीले हिरवा रंग मार, डोळ्याले गार वाटते." मी तर याच विषयात पीएच.डी. करणारी! फिका हिरवा, कमी वासाचा, 'इको' असं लिहिलेला रंग निवडला. खिडकीत मनी प्लांट लावला, कोपऱ्यात स्नेक प्लांटच्या कुंड्या ठेवल्या. खोली फोटोत फार छान दिसायची. मे महिन्यात एका संध्याकाळी आजीला चक्कर आली, उलट्या झाल्या. डॉक्टरांनी ऊन लागलं म्हणून सलाईन लावलं. आजी त्या दिवशी घराबाहेर पडलीच नव्हती. दुपारभर त्याच हिरव्या खोलीत पडून होती.

ती बरी झाली. पण मला एक गोष्ट कळली. आम्ही पैसे भिंतींवर घातले आणि ऊन येत होतं छतातून.

पहिली पायरी : एका शब्दाचे तीन अर्थ वेगळे करा

'हिरवं घर' म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत टाकतो. एक, डोळ्याला दिसणारा हिरवा रंग. दोन, खरी झाडं. तीन, पर्यावरणाला कमी त्रास देणारं साहित्य आणि राहणी. या तिघांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण स्वीडनचं. १७७५ साली कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने एक सुंदर हिरवा रंग तयार केला. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घराघरांत या आणि अशाच हिरव्या रंगांचे वॉलपेपर लागले. रंगात तांबं आणि आर्सेनिक होतं, म्हणजे सोमलच. ओल आलेल्या भिंतीवर बुरशी धरली की तिच्यामुळे आर्सेनिकचा विषारी वायू तयार होऊ शकतो, हे पुढे बार्तोलोमेओ गोझिओ या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवलं. म्हणजे हिरव्या रंगाच्या त्या खोल्या त्या काळातल्या घातक खोल्यांपैकी होत्या.

हे जुनं झालं म्हणून सोडू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचं बंधन २०१६ च्या नियमांनी आलं आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालं. त्याआधीचा रंग तुमच्या खिडकीच्या गजांवर, दारांवर अजून असू शकतो. तो खरवडताना उडणारी धूळ लहान मुलांच्या पोटात जाणं हा खरा धोका आहे, मग रंग हिरवा असो की निळा.

तेव्हा सिनॉप्सिसमध्ये 'हिरवा' हा शब्द आला की प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, तिघांपैकी कोणता? संशोधनाच्या भाषेत याला संकल्पनेची कार्यात्मक व्याख्या म्हणतात. नेटच्या पेपरसाठी पाठ केलेली ही व्याख्या खऱ्या कामात पहिल्यांदा इथे लागते.

हिरवी भिंत खोली थंड करते का?

इथे दोन प्रश्न आहेत. खोली थंड 'होते' का, आणि थंड 'वाटते' का?

पहिल्याचं उत्तर भौतिकशास्त्राचं आहे. घराच्या आतल्या भिंतीवर थेट ऊन पडत नाही. तिथे उष्णतेची देवाणघेवाण होते ती न दिसणाऱ्या, लांब तरंगलांबीच्या किरणांनी. त्या किरणांपुरते सगळे साधे रंग जवळपास सारखेच वागतात. हिरवा, लाल, पांढरा, प्रत्येकाची उत्सर्जकता ०.९ च्या आसपास. म्हणजे आतून रंग बदलल्याने खोलीच्या तापमानात मोजण्यासारखा फरक पडायचं कारणच नाही. उलट गडद हिरवा लावला तर खोलीत उजेड कमी होतो आणि दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागते.

दुसरा प्रश्न मानसशास्त्राचा. लाल-पिवळे रंग उष्ण आणि निळे-हिरवे थंड वाटतात का, यावर शंभरएक वर्षांपासून प्रयोग चालू आहेत. निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि जिथे परिणाम दिसतो तिथे तो लहान असतो. आई म्हणाली ते 'डोळ्याले गार वाटते' अगदी खोटं नाही, पण ते डोळ्यापुरतंच. आणि ते मोजायचं तर थर्मामीटर उपयोगाचा नाही, प्रश्नावली लागेल. एकाच शीर्षकातले दोन प्रश्न, दोन वेगळी साधनं, दोन वेगळे विभाग! कोणता तुमचा, ते आधी ठरवा.

रंगाच्या डब्यावरच्या दाव्यांचंही असंच. १२ जानेवारी २०२१ रोजी नागपूरचेच खासदार आणि तेव्हाचे एमएसएमई मंत्री नितीन गडकरी यांनी खादी ग्रामोद्योग आयोगाचा शेणापासून बनवलेला प्राकृतिक पेंट बाजारात आणला. शिसं नाही, वास कमी, गावात रोजगार असे त्यामागचे मुद्दे होते, आणि उष्णतारोधक गुणही सांगितला गेला. अशा वेळी सगळे दावे एकत्र मान्य किंवा अमान्य करू नका, एकेक सुटा करून बघा. शिशाचा दावा प्रयोगशाळेत तपासता येतो, रोजगाराचा गावात जाऊन. उष्णतारोधाचा हिशेब तर आपण वहीतच करू शकतो. कोणत्याही रंगाचा थर साधारण ०.२ मिलिमीटरचा धरा. तो थर्माकोलइतका उष्णतारोधक आहे असं मानलं, तरी त्याचा रोध नऊ इंची विटेच्या भिंतीच्या जेमतेम दोन टक्के भरतो. म्हणजे रंगाने उष्णता अडवायची असेल तर ती जाडीने अडणार नाही. ऊन परतवूनच अडेल, आणि ते बाहेरच्या बाजूला, उन्हात.

कुंड्या आणि नासाचा तो अभ्यास

'नासाने सिद्ध केलंय की स्नेक प्लांट हवा शुद्ध करतं.' हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्येही होतं. गाईडनी लाल पेनाने फक्त एवढंच लिहिलं, "मूळ अहवाल वाचलात?"

वाचला नव्हता. मग वाचला. १९८९ चा तो अभ्यास खरा आहे, बी. सी. वोल्व्हर्टन आणि सहकाऱ्यांचा. पण प्रयोग झाला होता बंद, हवाबंद पेटीत. छोट्या पेटीत एक झाड ठेवायचं, रसायनाची वाफ सोडायची आणि काही तासांनी किती उरली ते मोजायचं. आपलं घर हवाबंद नसतं. दारं-खिडक्यांच्या फटींतूनच हवा तासातासाला बदलत असते. ब्रायन कमिंग्स आणि मायकेल वॉरिंग यांनी अशा १२ अभ्यासांतले १९६ प्रयोग एकत्र तपासले. त्यांचा हिशेब असा की खिडकी-दारांतून आपोआप होतं तेवढं हवा शुद्ध करण्याचं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला १० ते १००० कुंड्या लागतील. आपली दहा बाय दहाची खोली साधारण ९.३ चौरस मीटरची. कमीत कमी ९३ कुंड्या! मग आजीने झोपायचं कुठे?

कुंड्या हवा थंड करतात का? झाड पानांतून पाणी सोडतं, त्या बाष्पीभवनाने थोडा गारवा येतो हे खरं. एक लिटर पाण्याचं बाष्पीभवन साधारण ०.६७ युनिट उष्णता शोषतं. एक कुंडी दिवसभरात पाव लिटर सोडते असं धरलं, तर कूलर जे काम काही मिनिटांत करतो ते तिला करायला अख्खा दिवस लागतो.

मग कुंड्या ठेवू नका असं म्हणायचंय का? अजिबात नाही. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये 'सायन्स'मध्ये एक छोटा अभ्यास छापला. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. नमुना लहान आहे, हे लक्षात ठेवूनच वापरा. पण इथे झाडाचा फायदा मनाच्या वाटेने येतो, हवेच्या गाळणीने नाही, हे बघा. झाडं ठेवायचं कारण बदललं की प्रश्नही बदलतो.

कूलरच्या ताट्या : पर्यावरणपूरक म्हणजे कुठवर?

नागपूरच्या घरात उन्हाळ्याची खरी सजावट कोणती? मार्चमध्ये खाली उतरणारा कूलर, आणि त्याच्या नव्या ताट्या. वाळ्याची ताटी महाग, वास मात्र सगळ्या घरभर. लाकडाच्या तुसाची स्वस्त, दरवर्षी बदलायची. आता कागदी मधमाशीच्या पोळ्यासारखे पॅडही आलेत.

कूलर आपल्याकडे इतका चालतो त्याला कारण आहे. मे महिन्यात हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर साधारण २३ अंश दाखवतो. बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त तितकी थंड होऊ शकते. चांगल्या ताट्यांचा कूलर त्या अंतरातलं तीन-चतुर्थांश काम करतो असं धरलं, तर हवा २८-२९ अंशांवर येते. जुलैत हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के झाली की तीच मर्यादा २९ वर जाते. म्हणून पावसाळ्यात तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पेपरमधला निष्कर्ष नागपूरला जसाच्या तसा लावू नका, तो यासाठी.

आता खरा वाद. कूलर एसीच्या मानाने फार थोडी वीज खातो, म्हणून तो पर्यावरणपूरक. पण पाणी? ते पेंच आणि कन्हानवरून येतं, आणि मे महिन्यातच त्याची ओढाताण असते. एक बादली, म्हणजे १५ लिटर पाणी उडालं की कागदावर साधारण १० युनिट उष्णता शोषली जाते. तेवढंच काम करायला एसीला तीन-सव्वातीन युनिट वीज लागेल. ती वीज कोराडी-खापरखेड्याच्या कोळशातून आली असं धरलं तर दोन किलोच्या आसपास कोळसा. एका पारड्यात बादलीभर पाणी, दुसऱ्यात दोन किलो कोळसा आणि त्याची राख. कूलरची बरीच गार हवा खिडकीतून बाहेर जाते, त्यामुळे प्रत्यक्षात पारडं पाण्याच्या बाजूने आणखी जड होतं. शिवाय टाकी आठवड्यातून एकदा कोरडी केली नाही, तर डेंग्यूचे डास घरातच वाढतात.

यातलं 'बरोबर' उत्तर कोणतं? ते तुम्ही हिशेबाची सीमा कुठे आखता त्यावर आहे. फक्त घराचं वीजबिल, की शहराचं पाणी, की खाणीपासूनचा कोळसा? सिनॉप्सिसमध्ये ही सीमा एका वाक्यात लिहा. लिहिली नाही तर व्हायव्हात कोणीतरी ती तुमच्यासाठी आखेल.

ऊन येतं कुठून?

माझ्या चुकीकडे परत येते. मे महिन्यात नागपुरात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. त्या वेळी दर चौरस मीटर छतावर साधारण ९०० ते १००० वॅट ऊन पडतं. उघडा सिमेंटचा स्लॅब त्यातलं तीस टक्क्यांच्या आसपास परतवतो, बाकी पितो. ताजा चुना त्यातलं सत्तर-ऐंशी टक्के परतवतो. फरक चौरस मीटरमागे चारशे-साडेचारशे वॅट! दिवसभर प्यालेली ती उष्णता स्लॅब संध्याकाळी आणि रात्री खाली सोडत राहतो. आजीला त्रास दुपारी दोनला झाला नाही, संध्याकाळी झाला.

जुन्या कवेलूच्या घरांत माळा असायचा. त्यातली हवा आणि कवेलूंच्या फटी मिळून ही उष्णता अडवायच्या. स्लॅब आला, माळा गेला, आणि ते काम करणारं काहीच उरलं नाही.

मग गच्चीला हिरवा रंग दिला तर? डोळ्याला दिसतो तो प्रकाश म्हणजे सूर्याच्या ऊर्जेचा सुमारे अर्धा भाग. उरलेली बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांत असते. त्यामुळे नुसत्या रंगावरून तो किती तापेल हे पूर्ण कळत नाही, पण साधा गडद हिरवा पांढऱ्यापेक्षा नक्की जास्त तापतो. पान हिरवं असूनही फार तापत नाही, कारण ते अवरक्त किरण बरेच परतवतं आणि पाणीही सोडतं. साधा हिरवा रंग पाणी सोडत नाही, आणि अवरक्त किरण पानाइतके परतवेलच असंही नाही. सिग्नलवर आणि गच्च्यांवर बांधतात ती हिरवी जाळी गारवा देते, पण ती सावलीमुळे. पांढरी किंवा काळी जाळीही सावली देतेच. आणि जाळी असते प्लास्टिकची, काही उन्हाळ्यांत तिच्या चिंध्या होतात, हे 'पर्यावरणपूरक'च्या खात्यात लिहायला विसरू नका.

शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये छतं थंड ठेवण्याचं स्वतंत्र धोरणच आणलं. आपल्या विषयाला धोरणाशी जोडायचं असेल तर हा धागा धरा.

मोजमाप : ५६ अंशांची गोष्ट

मे २०२४ च्या शेवटी बातमी आली, नागपुरात ५६ अंश! देशभर गाजली. नागपूरचा आधीचा उच्चांक ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. एकदम आठ अंशांनी विक्रम मोडला? हवामान खात्याने तपासलं तेव्हा त्या स्वयंचलित केंद्राच्या सेन्सरमध्येच बिघाड निघाला. म्हणून तुमचा ऑनलाइन मागवलेला सेन्सर कामाला लावण्याआधी चांगल्या थर्मामीटरशेजारी ठेवून काही दिवस पडताळा.

सेन्सर चांगला असला तरी प्रश्न उरतो, तो मोजतो काय? साधा थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतो. पण तापलेल्या स्लॅबखाली झोपलेल्या माणसाला छताची झळ अंगावर येते, ती त्यात दिसत नाही. तिच्यासाठी काळ्या गोळ्यातला थर्मामीटर वापरतात. बसलेल्या माणसासाठी ०.६ मीटर उंचीवर मोजायची पद्धत आहे. झोपलेल्या माणसासाठी खाटेच्या उंचीला ठेवा.

आणि आता माझी दुसरी चूक. आजी आजारी पडल्यावर आम्ही गच्चीला चुना दिला. त्याच आठवड्यात बाबांनी कूलरच्या ताट्याही बदलल्या. खोली आधीपेक्षा सुसह्य झाली, आजीही म्हणते. पण ते चुन्याने झालं की ताट्यांनी, मी सांगू शकत नाही. घरातली माणूस म्हणून मला काही फरक पडत नाही, आजी शांत झोपते. संशोधक म्हणून मात्र ती नोंद माझ्या थिसिसमध्ये वापरता येत नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कारण हातातून निसटतं.

आता शीर्षक पुन्हा लिहू

ज्युनियरला मी तीन पर्याय लिहून दिले.

१. नागपुरातील उघड्या स्लॅबखालच्या खोल्यांत, गच्चीला चुना दिल्याने मे महिन्यातील संध्याकाळी ७ ते रात्री ११ या वेळेतलं तापमान कमी होतं का? (साधनं : गोळ्याचा थर्मामीटर, चुना दिलेल्या आणि न दिलेल्या सारख्या खोल्या, आधी-नंतरच्या नोंदी.)

२. तापमान सारखं ठेवलेल्या खोल्यांत भिंतीच्या हिरव्या रंगाने किंवा कुंड्यांनी लोकांना जास्त गार वाटतं का? (साधन : प्रश्नावली. कोणाला कोणती खोली मिळेल ते चिठ्ठीने ठरवायचं.)

३. नागपुरातली कुटुंबं 'पर्यावरणपूरक' म्हणून घरासाठी काय विकत घेतात आणि का? (साधन : मुलाखती, घराची पाहणी, खर्चाचा हिशेब.)

तिन्ही चांगले आहेत, पण एका पीएच.डी.ला एक पुरतो. पहिल्यात एक सावधगिरी : चुना पावसाळ्यात धुतला जातो, शेवाळाने काळवंडतो, धुळीने मळतो. म्हणून एकाच मे महिन्याच्या नोंदीवर थांबू नका, दुसरा उन्हाळाही धरा. शिवाय ज्या घरी वयस्कर माणूस आहे ते घर 'चुना न दिलेल्या' गटात ठेवून मोजत बसणं योग्य आहे का, हे नैतिकता समितीच्या आधी स्वतःला विचारा. मी तर मोजणी संपली की त्या घरांनाही चुना देऊन टाकावा, असं प्रस्तावातच लिहीन.

ज्युनियरने पहिला पर्याय घेतला. तिच्या आईचं मत होतं की एवढं शिकून चुनाच लावायचा होता का! तिला म्हटलं, काकूंना सांग, गच्चीला चुना लावलेला बरा, 'इको' नावाखाली आपल्याला कोणी लावण्यापेक्षा.

तुमच्या सिनॉप्सिसचं शीर्षक आज एकदा काढून बघा. त्यातला सगळ्यात गोड वाटणारा शब्द अधोरेखित करा आणि तो कशाने मोजणार, ते समासात लिहा. समास कोरा राहिला तर सबमिशनआधी गाईडना भेटा.